शिसवी पापड

भुजंगराव वाटूरकरांनी हैदराबादेत एका बॅरिस्टराच्या भिंतीवर टिचकी मारली. पुढचं सगळं रामायण त्या टिचकीतून झालं.

भुजंगराव जालन्यातल्या एका जिनिंग कारखान्याचे हेडक्लार्क. शेठच्या कामासाठी हैदराबादला गेले होते. बॅरिस्टराच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि ते कामच विसरले. भिंत जमिनीपासून छातीपर्यंत शिसवाची होती! काळसर तांबूस, आरशासारखी गुळगुळीत, आणि आतून ढग सरकत चालल्यासारख्या रेघा. ह्या गृहस्थानं एक आख्खं जंगल कापून भिंतीला टेकवलंय असं त्यांना वाटलं. न राहवून त्यांनी टिचकी मारली.

"ते सगळं शिसव नाही बरं का," बॅरिस्टर हसून म्हणाले. "खाली साधी तीनपदरी फळी आहे. वर शिसवाचा नुसता एक पदर. कागदाएवढा. ह्याला व्हेनिअर म्हणतात. मुंबईला मिळतं."

"कागदाएवढा?"

"कागदाएवढा."

काचीगुड्याहून परत निघालेल्या गाडीत भुजंगरावांना डोळ्याला डोळा लागला नाही. ते खिडकीच्या चौकटीवर टिचकी मारत, बाकावर टिचकी मारत, समोरच्या प्रवाशाच्या लाकडी पेटीवर टिचकी मारत. त्या प्रवाशाला जायचं होतं सेलूला, पण तो बिचारा परभणीलाच उतरून गेला.

आता एका भिंतीपायी चाळिशीतल्या माणसानं इतकं पेटून उठायचं कारण काय? कारण होतं वाटूरला. भुजंगरावांचे थोरले भाऊ रामराव वाटूरला शेती बघत. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि ते शब्द मोजूनही वापरत नसत. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत, सगळी सोयरीक बसलेली असताना, ते मोठ्यानं बोलून गेले, "भुजंगाच्या घरी जायचं म्हणजे घरून एक जादा कोट घेऊन जावा. बसायला टेकलं की पाठीला भिंतीचा चुना!" पंगत हसली. वाढपी हसले. भुजंगरावांच्या हातातला लाडू हातातच राहिला. त्या दिवसापासून त्यांनी वाटूरची वाट सोडली, आणि रामरावही जालन्याला आले नाहीत.

आणि आता, इतक्या वर्षांनी, वैशाखात आम्ही दोघं येतो असा रामरावांचा निरोप आला होता.

"येऊ दे," भुजंगराव घरात शिरता शिरता म्हणाले. पायातले जोडेसुद्धा काढले नव्हते. "दुर्गे, येऊ दे दादाला! बैठकीच्या भिंतीला मी शिसव लावणार हाये. आख्खं शिसव! म्हणजे आख्खं न्हाई. पापुद्रा. पण दिसायला आख्खं!"

दुर्गाबाई तेव्हा अंगणात उडदाचे पापड वाळत घालत होत्या. त्यांनी एक पापड उचलला, उन्हाकडं धरला आणि विचारलं, "ह्याच्याइतकं पातळ?"

"ह्याच्याहून पातळ!"

"म्हणजे लाकडाचा पापड."

भुजंगरावांना हा शब्द मुळीच आवडला नाही. पण व्हेनिअर ह्या शब्दाचं जालन्यात पुढं जे जे झालं, विनायर, इनेर, विनायक, ते पाहता पापड हाच शब्द सगळ्यात सभ्य होता असं म्हणावं लागतं.

माल मुंबईहून रेल्वेनं आला. गोणपाटात गुंडाळलेली एक लांबलचक गुंडाळी आणि फळ्यांचा एक गठ्ठा. भुजंगराव कोट घालून, टोपी नीट करून, स्टेशनावर हजर. पण इंग्रजी मुलखातून हैदराबाद संस्थानात येणारा माल आधी महसुलाच्या नाक्यावरून सुटायला हवा. नाक्यावरच्या मुन्शीजींनी फळ्या तेवढ्या हातासरशी सोडल्या. मग गुंडाळी उलगडली, एक टोक बोटांत धरून हलवलं. ते फडफडलं.

"ये लकडी है के कागज?"

"लाकूड आहे, मुन्शीजी."

"लकडी है तो जंगल का परवाना दिखाओ."

भुजंगरावांकडं परवाना नव्हता. ते जरा विचार करून म्हणाले, "मंग कागदच समजा."

ही मोठी चूक झाली. त्या साली संस्थानात सत्याग्रहाची हवा होती आणि बाहेरून येणाऱ्या कागदावर फार बारीक नजर असे. मुन्शीजींनी चष्मा लावला. शिसवाच्या त्या तलम रेघांवरून ते उजवीकडून डावीकडं बोट फिरवायला लागले.

"इसमें कुछ लिखा है."

"लिहिलेलं नाही हो! त्या लाकडाच्या रेघा आहेत!"

"अभी तो आप कागज बोले."

गुंडाळी नाक्यावरच अडकली. दुसऱ्या खेपेला मुन्शीजींचं मत पालटलं होतं. आता त्यांना त्या रेघांत नकाशा दिसत होता. ही नदी, हा घाट, आणि ही गाठ म्हणजे किल्ला. तिसऱ्या खेपेला भुजंगरावांनी शेजारच्या भंवरलालशेठना बरोबर नेलं. भंवरलालशेठ मोंढ्यातले धान्याचे व्यापारी. पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातले, आणि देह असा की ते टांग्यात बसले की घोडा वळून बघे. त्यांनी गुंडाळीकडं पाहिलं, मुन्शीजींकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "भुजंगराव, घरी याला काय म्हणतात?"

"घरी?" भुजंगराव ओशाळले. "घरी... पापड म्हणतात."

"मंग झालं की. मुन्शीजी, पापड लिखो."

मुन्शीजींचा चेहरा खुलला. पापड त्यांना ठाऊक होता. पापडाला परवाना लागत नव्हता आणि पापडावर कोणी काही लिहीत नव्हतं. गुंडाळी सुटली!

भुजंगराव तिला खांद्यावर घेऊन, वरातीतून चालावं तसे गल्लीत शिरले. पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्यांच्या दारात समोरच्या गोजरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. दर उन्हाळ्यात आख्ख्या गल्लीचे पापड गोजरबाईंच्या देखरेखीखाली लाटले जात.

"काय हो दुर्गाबाई, आमच्या हातचे पापड कडू झाले का? मुंबईहून आगगाडीनं मागवायची पाळी आली ती!"

दुर्गाबाईंनी त्यांना आत नेऊन, गुंडाळी उलगडून, हात लावायला देऊन समजूत घातली. गोजरबाईंनी एक कोपरा नखानं टोकरला, हुंगला. "लाकूडच हाये," त्या म्हणाल्या. मग जाता जाता, "पण लई जाड लाटलंय."

आता काम. कचरू सुतार हा बैलगाड्या, वखरं आणि झोपायच्या बाजा करण्यात पटाईत माणूस. व्हेनिअर त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण पाहिलेलं नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"असलं लई केलंय," तो म्हणाला. "आधी रंधा मारून घेऊ. साफ होतंय."

भुजंगराव "थांब, थांब" म्हणेपर्यंत त्यानं पहिला हात मारला होता. रंध्याच्या तोंडातून एक सुरेख, लांब, कुरळी ढलपी निघाली. कचरूनं ती कौतुकानं उचलली. मग खाली पाहिलं. खाली पांढरी फळी दिसत होती.

"शिसव कुठं गेलं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या हातात हाये!" भुजंगराव ओरडले.

त्या धक्क्यातून सावरायला भुजंगरावांना एक दुपार लागली. संध्याकाळी त्यांनी स्वतःला समजावलं, की हैदराबादच्या बॅरिस्टराकडंही पहिला पदर असाच गेला असेल. ह्या कल्पनेनं त्यांना इतकी उभारी आली की दुसऱ्या दिवशी ते कचरूच्या आधी अंगणात हजर होते.

"आता चिकटवायचं," कचरू म्हणाला. "त्याला सरस लागंल. मी आणलाय."

सरस अंगणात चुलीवर चढला. थोड्या वेळानं त्याला कढ आला, आणि गल्लीतल्या माणसांनी एकमेकांकडं संशयानं बघायला सुरुवात केली. कोणाच्या तरी बैलानं दावं तोडलं. आणि भंवरलालशेठच्या पत्नी भगवतीदेवी डोक्यावरचा पदर नाकाशी धरून मधल्या भिंतीवरून डोकावल्या.

"भुजंगरावजी, हे काय उकळून राह्यले?"

भुजंगराव काही गोड बोलणार तोच कचरूनं अभिमानानं सांगून टाकलं, "सरस हाये, भाभीजी! असली माल! कातडं अन् हाडं!"

भगवतीदेवींचं घर जैनांचं. अंधार पडल्यावर तिथं पाणीही कोणी तोंडात घालत नसे, मग हाडांची वाफ सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यावी हे कसं चालायचं? खिडकी बंद झाली. चूलही बंद झाली. ते भांडं जोवर शेजारी आहे तोवर आपल्या घरात स्वयंपाक होणार नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं.

दुपारी भंवरलालशेठ आले. एवढा भारदस्त माणूस, पण चेहरा लग्नघरातून जेवल्याशिवाय परत पाठवल्यासारखा. "भुजंगराव," ते म्हणाले, "तुमच्या भिंतीसाठी माझा उपास चाललाय. बराबर हाये का हे?"

बिलकुल बराबर नव्हतं. सरसाचं भांडं कचरूनं गावाबाहेर नेऊन रिकामं केलं.

मग गल्लीनं सल्ले द्यायला घेतले. बाभळीचा डिंक आणि त्यात थोडा गूळ, असं गोजरबाईंचं म्हणणं. त्यांच्या म्हणण्यात जरब असे म्हणून ते केलं. एक पदर सुंदर चिकटला! भुजंगरावांनी त्यावर गाल टेकवून पाहिला, दुर्गाबाईंनाही टेकवायला लावला. मग ते कारखान्यात गेले, आणि तिथं कामात त्यांचं काय लक्ष लागणार! समोर बसलेल्या कापसाच्या दलालाला त्यांनी शिसव आणि सागवान यांतला फरक समजावून सांगितला, तोही दोनदा. संध्याकाळी जवळजवळ पळतच घरी आले तर ऊन आपलं काम करून गेलेलं. पदर चारही बाजूंनी उचलून, वळून, कुरडईसारखा झाला होता, आणि त्या कुरडईवर जालन्यातल्या यच्चयावत मुंग्या जमल्या होत्या.

भुजंगराव ओसरीवर बसून राहिले. हैदराबादची भिंत, काचीगुड्याची गाडी, नाक्याच्या खेपा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "दादा येणार," ते हळूच म्हणाले, "अन् भिंतीला मुंग्या."

त्यांचा तो चेहरा मधल्या भिंतीवरून भगवतीदेवींना दिसला असावा. खिडकी उघडली.

"मारवाडात आमच्या बापूंनी दरवाजावर आरसे बसवले होते," त्या म्हणाल्या. "दूध नासवायचं, त्याचा चोथा पिळून घ्यायचा, अन् त्यात चुना घोटायचा. ना वास, ना पाप. पण सुकेपर्यंत वरून दाबून ठेवावं लागतं. पुरा दिवस. जरा बी सोडायचं न्हाई."

भुजंगराव उठून उभेच राहिले. दूध! चुना! दोन्ही घरात! त्यांना वाटलं, मधल्या भिंतीवरून उडी मारून भगवतीदेवींच्या पाया पडावं. पण भिंत उंच होती, आणि भंवरलालशेठ बघत होते.

एव्हाना रामराव यायला एकच दिवस उरला होता. पहाट फुटताच अंगणात दुधाची भांडी मांडली गेली. दुर्गाबाई चोथा पिळत, कचरू चुना घोटत, आणि भुजंगराव ह्या दोघांमध्ये विनाकारण फेऱ्या मारत. फळ्या अंगणात सावलीला ओळीनं मांडल्या. त्यांवर चिकट लेप, लेपावर शिसवाचे पदर, पदरांवर जुनी धोतरं आणि धोतरांवर दुसऱ्या फळ्या. राहिलेला माल जेमतेम पुरत होता. आता एकही पदर वाया गेला तर भिंतीला मधेच दात पडल्यासारखं दिसलं असतं. दाबायला भंवरलालशेठनी उदार मनानं ज्वारीची पोती पाठवली. हमालांनी ती फळ्यांवर रचली आणि भुजंगरावांच्या जिवात जीव आला.

तो फार वेळ राहिला नाही. ऊन वर यायच्या आत तेच हमाल परत आले आणि पोती उचलायला लागले.

"अरे, अरे! काय करून राह्यले?"

"शेठनी सौदा केला, साहेब. गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं हाये."

भुजंगराव आडवे आले, हात जोडले, हमालांना भिंतीचं शास्त्र सांगितलं. पण हमालांना सौद्याचं शास्त्र ठाऊक होतं. पहिल्या फळीवरचं पोतं उचललं गेलं आणि फळीखालून एक बारीकसा 'चर्र' असा आवाज आला. तो आवाज भुजंगरावांच्या थेट काळजात गेला. कोट, टोपी, हेडक्लार्कपणा, कशाचाही विचार न करता त्यांनी त्या फळीवर बैठक मारली.

"दुर्गे! बस!"

दुर्गाबाई दुसऱ्या फळीवर बसल्या. कचरू तिसऱ्या. चौथं पोतं उचललं तेव्हा गोजरबाई, काय गोंधळ चाललाय बघायला आल्या होत्या, त्यांना दुर्गाबाईंनी हात धरून खाली ओढलं. आणि फळ्या तर अजून पुष्कळ होत्या!

तेवढ्यात भंवरलालशेठ धापा टाकत आले. सौद्याच्या भरात ती पोती कुठं होती हे ते विसरून गेले होते. अंगणातलं दृश्य पाहून त्यांचा चेहरा पडला.

"चुकी माझी झाली, भुजंगराव," ते म्हणाले आणि सगळ्यात मोठ्या फळीवर बसले. फळी एकदाच कण्हली आणि गप्प झाली. असं दाबलं जाणं त्या फळीला सात जन्मांत मिळालं नसतं. भुजंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बघता बघता निरोप गेला. गल्लीतली माणसं कामधंदा टाकून आली. कोणी वजनाच्या अभिमानानं आलं, कोणी नुसतं बसायला मिळतंय म्हणून आलं. दार उघडं टाकलेलं. अंगणात ओळीनं माणसं मांडी घालून बसलेली, जशी पंगत. फक्त पानं नाहीत, म्हणजे सुरुवातीला नव्हती. भगवतीदेवींनी तीही उणीव भरून काढली. बसल्या जागी पुऱ्या येऊ लागल्या. उठायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं झालं तरी जपून. भंवरलालशेठ चौथी पुरी खाताना म्हणाले, "वजन कमी पडायला नको."

असा मोठा आनंदाचा सोहळा चाललेला असताना दारात पोलिसांचा जमादार उभा राहिला.

तोही चांगला उंचापुरा, मिशीवाला. रस्त्यावरून जाताना त्याला एवढी माणसं एका अंगणात गप्प बसलेली दिसली. त्या साली जलसा, म्हणजे सभा, सोडाच, चार माणसं जमायची म्हटलं तरी आधी इजाजत काढावी लागे. त्यानं काठी आपटली.

"क्या हो रा ये? जलसा है क्या?"

"न्हाई, साहेब," भुजंगराव बसूनच म्हणाले.

"इजाजत किधर है?"

"साहेब, जलसाच नाही तर..."

"उठो! सब उठो!"

कोणीच उठलं नाही. कसे उठणार? लेप अजून ओला होता. पण जमादाराला लेप दिसत नव्हता. त्याला दिसत होतं एवढंच, की सरकारचा माणूस 'उठा' म्हणतोय आणि मारवाडी, मराठे, सुतार, बायाबापड्या, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत जमिनीला घट्ट चिकटून बसलेत. त्याचा रंग पालटला. असे बसून राहणारे लोक कोण असतात, हे त्याला वरून कळवलेलं होतं.

"आखरी बार बोल रहा हूँ. उठते के नहीं?"

"साहेब," भुजंगराव काकुळतीला येऊन म्हणाले, "मारा, नेऊन कोठडीत टाका, पण सूर्य मावळेपर्यंत आम्ही न्हाई उठणार!"

आणि नेमक्या ह्या वाक्याला जमादाराच्या मागं, हातात पिशवी घेऊन, रामराव येऊन उभे राहिले.

ते एक दिवस आधीच आले होते. भावाच्या दारात पोलीस, अंगणात माणसं, आणि ज्याला आपण भर पंगतीत हसलो तो धाकटा भाऊ सरकारच्या माणसाला सांगतोय, कोठडीत टाका पण उठणार नाही! रामरावांच्या हातातली पिशवी गळून पडली.

"भुजंगा!" ते म्हणाले. "अरे, मला कळवायचं न्हाई का? एकट्यानंच?"

जमादाराला बाजूला सारून ते आत आले, पटका सावरला आणि भुजंगरावांच्या शेजारी, त्याच फळीवर, मांडी ठोकून बसले. मागोमाग त्यांच्या पत्नी सोनूबाई आल्या, त्याही काही न विचारता दुर्गाबाईंना बिलगून बसल्या.

"हा माझा भाऊ हाये!" रामराव जमादाराला म्हणाले. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "ह्याला न्यायचं तर मला बी न्या!"

भुजंगरावांना आयुष्यात इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं, हे असंच राहू द्यावं. सांगूच नये. सरळ कोठडीत जावं. दोघा भावांनी मिळून! पण रामरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता, आणि त्या हाताखाली त्यांना खोटं बोलता येईना.

"दादा," ते हळूच म्हणाले, "हे... तसलं न्हाई."

"मंग कसलं हाये? कशापायी बसलात?"

"भिंतीपायी."

"भिंत कोण पाडून राह्यलं?"

"पाडत न्हाई कोणी. सजवून राह्यलो. तुमी येणार म्हणून. खाली लाकूड चिकटवलंय. उठलं की उचकटतंय."

रामरावांनी खाली पाहिलं. धोतराचा कोपरा उचलून बोटानं चाचपलं. मग ओळीनं एकेकाकडं पाहिलं. भंवरलालशेठकडं, कचरूकडं, पुरी हातात धरून बसलेल्या गोजरबाईंकडं. आणि शेवटी भावाकडं.

"माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं. "मी तवा पंगतीत बोलल्तो, त्यासाठी?"

भुजंगरावांनी मान हलवली.

"मी आजवर कितींदा निघाल्तो इकडं," रामराव म्हणाले. "परतूरपर्यंत आल्तो एकदा. कोणत्या तोंडानं यावं, म्हणून माघारी गेल्तो."

त्यांचा आवाज चिरकला, पण तो तसाच हसण्यात फुटला. हसणं दाबायला ते पुढं वाकले, तसे भुजंगराव ओरडले, "दादा, हलू नका!" आणि मग मात्र सगळं अंगण न हलता हसायला लागलं. न हलता हसणं फार अवघड असतं. भंवरलालशेठच्या पोटाला ते जमेना.

राहता राहिला जमादार. तो इतका वेळ तोंड उघडं टाकून ऐकत होता. भुजंगरावांनी त्याला टिचकीपासून सगळी हकीकत सांगितली. त्याचा विश्वास बसेना. त्यानं एका कोपऱ्यातल्या फळीच्या मोकळ्या टोकाखाली काठी घातली, जराशी उचलली. 'चर्र' आवाज आला.

"साहेब!" सगळे एकदम किंचाळले.

जमादारानं गडबडीनं फळी दाबली. काठी सोडून दोन्ही हातांनी दाबली. तरी कोपरा वर यायला बघत होता. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. शेवटी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि तो बसला.

"सूरज ढलने तक," तो करड्या आवाजात म्हणाला. "उसके बाद एक मिनिट नहीं."

भगवतीदेवींनी त्याच्यापुढंही पान मांडलं.

दिवस मावळला. पोती नव्हती, हमाल नव्हते. माणसं हळूहळू, पाय चोळत उठली, आणि कचरूनं वरच्या फळ्या काढल्या. एकही पदर उचलला नव्हता. तेलाचा बोळा फिरवल्यावर त्या काळसर तांबूस लाकडातून ढग चालू लागले. रामराव पुढं झाले आणि त्यांनी टिचकी मारली.

"कागदाएवढं?"

"कागदाएवढं, दादा."

दुसऱ्या दिवशी बैठकीला शिसव लागलं आणि रामराव जे त्याला पाठ टेकून बसले ते बसलेच. मुक्काम वाढत गेला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते भिंत दाखवत, मुन्शीजींचा नकाशा सांगत, जमादाराची नक्कल करत, आणि "आमच्या भुजंगानं केलं हे" हे वाक्य इतक्या वेळा म्हणत की भुजंगराव लाजून कारखान्यात लवकर निघून जात. गल्लीतही कोण किती वेळ बसलं, कोणाच्या फळीला सगळ्यात चांगली झळाळी आली, ह्यावर रोज चर्चा झडे. भंवरलालशेठच्या फळीबद्दल मात्र वाद नव्हता.

रामराव परत गेल्यावर आठवडा झाला असेल. सकाळी भुजंगराव दार उघडून बघतात तो गल्लीत वाटूरच्या दोन बैलगाड्या उभ्या, घुंगरं लावलेल्या, आत गवताच्या गाद्या अंथरलेल्या. रामरावांचा गडी बद्रीनाथ खाली उतरला.

"रामराम, धाकटे मालक. थोरल्या मालकांनी वाटूरच्या माडीला शिसव लावायला काढलंय. मुंबईचा माल आलाय. दूध तिथं लई हाये."

"मंग?"

"मंग वजनं आणायला धाडलंय. म्हणले, गावातली वजनं कच्ची हायेत, जालन्याचीच आण. अन् भंवरलालशेठला पहिल्या गाडीत मधोमध बसव म्हणले, न्हाई तर जू वर उचलतंय."

भुजंगराव शेजारी सांगायला वळले, पण गरज नव्हती. भंवरलालशेठ वळकटी काखेत मारून, धुतलेला अंगरखा घालून दारातून बाहेर पडतच होते. मागं भगवतीदेवी पुऱ्यांचा डबा घेऊन. समोरून गोजरबाई, हातात पानाची चंची. कचरू तर आधीच दुसऱ्या गाडीत चढून बसला होता आणि बद्रीनाथला सांगत होता की असलं त्यानं लई केलंय.

गाड्या भरल्या. बैल वळले. आणि गल्लीच्या तोंडाशी काठी आडवी धरून जमादार उभा.

"इतने लोग? किधर?"

"वाटूरला, साहेब," भुजंगराव म्हणाले. "बसायला."

जमादारानं भुवया आवळून विचार केला. एकदा मागं ठाण्याच्या रस्त्याकडं पाहिलं, एकदा पुऱ्यांच्या डब्याकडं.

"इतने लोग एक जगह बैठनेवाले," तो म्हणाला, "तो सरकार का एक आदमी लगेगाच."

त्यानं काठी आधी आत टाकली, मग स्वतः चढला आणि दुसऱ्या गाडीचा तोल बघून, बराबर मधोमध बसला.